रझिया सिस्टरचा सुरम्याचा ठिपका

रझिया सिस्टर कोनतीबी गोष्ट दोनदा इचारे. पयल्या उत्तराले तिच्याजवय काई किंमत नोयती. "हात धुतले?" म्हने. आपन म्हनावं, "धुतले." मंग ती जराशीक थांबे, सुरमा घातलेले डोये आपल्या तोंडावर ठेवे आन म्हने, "खरंच धुतले?" पयलं उत्तर जिभेचं असते, दुसरं पोटातलं, असं तिचं म्हननं. अन् खरं सांगते, दुसऱ्या खेपेले खोटं बोलाले जीभ अडखयेच.

अमरावतीच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीत मी आया होती. मालक गेले तवा माही पोरगी सात वर्साची. रिद्धपूरकडचं घर सुटलं, पोरीचं लगन होईपर्यंत भाजीची टोपली डोक्यावर घेऊन फिरली, मानेत चमक भरे. मंग हे काम भेटलं. डोक्यावर ओझं नाई, वरतं पंखा. मले वाटलं, देवानं बसाले पाट देल्ला. बाईले टेबलावर झोपवाचं, पोट उघडं कराचं, झाल्यावर पुसाचं, पुढच्या बाईले हाक माराची. सही येत होती, आकडे वाचता येत होते, बाकी काई नाई. कोनी काई शिकवलं नोयतं. जे अगोदरची आया करे तेच मी करे.

अगोदरची आया काय करे? एक मऊ फडकं होतं, जुन्या लुगड्याचं. त्यानं मशीनचा प्रोब पुसाचा. प्रोब म्हंजे वायरले लागलेला थो दांडा, जो डॉक्टर पोटावर फिरवतात. त्याच फडक्यानं बाईचं पोट पुसाचं. टेबलावर जेल सांडलं तं तेबी त्यानंच. संध्याकायी साबनानं धुवून वायू घालाचं. माह्या मनानं ते एकदम साफ काम होतं.

रझिया सिस्टर पयल्या दिवशी आली, ठेंगनी, पांढरा कोट, पायात कापडी बूट, आवाज नाई. खोलीत कवा आली समजलंच नाई. तिनं फडकं दोन बोटानं उचललं आन नाकाजवय नेलं.

"ह्यानं काय काय पुसता?"

"मशीन."

"आन?"

"पेशंटचं पोट."

"आन?"

"टेबल."

"खरंच, एवढंच?"

मी खाली पाह्यलं. फरशीवर कवा जेल सांडलं तं ... "फरशीबी," म्हटलं.

ती हासली नाई, चिडली नाई. फडकं कचऱ्याच्या पिशवीत टाकलं आन म्हने, "सुभद्राबाई, तुमी पन्नास बाया एका पदरानं पुसल्या." त्या दिवशीपासून मले ती आवडली नाई.

मंग तिनं सारं नवीन चालू केलं. एका बाईले एक कागद, पुसला का फेकला. पोटावर फिरते थो प्रोब येगळा, अंदर जाते थो येगळा. वरच्याले दर बाईनंतर अगोदर जेल पुसाचं, मंग दवाईच्या ओल्या कागदानं पुसाचं, वायू द्याचं, तवा दुसरी बाई. दांडा, वायर, ठेवाची खोबन, सारंच. अंदरच्याचं काम लंबं. वरचं कव्हर काढाचं, साबनपान्यानं धुवाचा, कोरडा कराचा, मंग दवाईत दांड्यावरच्या रेघेपर्यंत बुडवून ठेवाचा. रेघेच्या वर दवाई गेली का मशीन खलास. डब्यावर लिवलं तेवढी मिनिटं, एक कमी नाई. मंग साफ पान्यानं धुवून, पुसून, झाकून टांगाचा. स्पिरिट लावाचं नाई, त्याचं रबर तडकते. आन हर खेपेले रजिस्टरात कोनी धुतलं, कवा धुतलं.

मले मिनिटाचा काटा समजे नाई. मी तिले सांगतलं नाई, लाज वाटली. तिनं कसं ओयखलं कोन जाने. दुसऱ्या दिवशी म्हने, "तुमच्या पोरीची टिकली आना." लाल टिकली घड्यायाच्या काचेवर चिकटवली. "लंबा काटा बारावर आला का बुडवा, टिकलीवर आला का काढा. त्याच्या अगोदर काढला तं मले मालूम होते."

"कसं मालूम होते?"

"होते."

असं बोले ती. भीती वाटे.

कव्हर घातल्यावर धुवाचं कायले, हे दवाखान्यातल्या आमा आयाईपैकी कोनालेच पटत नोयतं. अंदरच्या प्रोबवर रबराचं कव्हर चढवतात, बाईले लागते ते कव्हर. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, कव्हर हाये ना."

"टोपी घालता ना तुमच्या नातवाले? मंग त्याचं डोकं धुतच नसान तुमी."

"टोपी येगळी."

"हे घ्या." तिनं वापरलेलं कव्हर हातमोज्यानं उचललं, नयाखाली पानी भरलं, फुग्यावानी लटकवलं. बारीक, केसाएवढ्या छेदातून एक थेंब आला, मंग दुसरा. "फाटलं तं हे आवाज करते काय? बोंबलत नाई ते." मले पटलं, पन मी तिच्यासमोर तोंड वाकडं केलं. तिचं खरं निघालं याचाच जास्त राग होता.

तिचा कोनावरच भरोसा नोयता. दवाखान्यातल्या चहावाल्याच्या गिलासात ती चहा पेत नोयती, स्वतःचा गिलास पिशवीत. डब्याले झाकन, झाकनाले रुमाल, रुमालाले दोन गाठी. बाजारात वांगं घेतलं तं उलटं करून देठ पाहे, मंग पोट दाबून पाहे, भाजीवाला म्हने, "खाला, लगन लावाचं हाय का वांग्याचं?" ती म्हने, "लगनात तं लोक याच्याहून कमी पाह्यतात, म्हनून तं बोंबलतात." सोनोग्राफीच्या दारावर बोर्ड हाये, पोरगा का पोरगी सांगत नाईत म्हनून. एखादी सासू पिशवीत पेढे घेऊन आली तं रझिया सिस्टर तिले अंदर येऊच देत नोयती. "पेढे अगोदर कसे आले मावशी? कोनाचे?" ती सासू पिशवी बंद करून बाहेर बाकड्यावर बसे.

आन मंग ठिपका.

एका सकायी तिनं मले बोलावलं. प्रोबच्या दांड्याले जिथी बोटं धरतात तिथी एक खाच हाये. त्या खाचीत काया ठिपका होता. "हे काय हाये सुभद्राबाई?"

"मय असन."

"माह्या डोयातला सुरमा हाये. काल दुपारी मीच हिथी लावला. त्याच्यानंतर सहा बाया झाल्या. सहा वेळा साफ केल्याचं रजिस्टरात हाये. मंग ठिपका कसा राह्यला?"

मी टोकच पुसत होती, बाईले लागते तेवढं. दांडा धरतो आपन, तो कायले पुसाचा, असं वाटे. तिनं मले तेवढंच दाखवलं, रागावली नाई. पन त्यानंतर आमाले चैन नाई. कधी खाचीत ठिपका, कधी वायरले, कधी खोबनीत. सुरम्याची शिशी तिच्या खिशात, तिची सयी तिच्यासंगच फिरे. आमी तिले सीआयडी म्हनाले लागलो. कोनी म्हने, तिची भाची कामाच्या शोधात हाये, तिले लावाचं म्हनून जुन्या बायांच्या चुका गोया करून राह्यली. मले ते खरं वाटलं. मी तिच्या हातातल्या रजिस्टराकडे पाहे आन समजे, अंदर माहंच नाव हाये.

एकदा तं डॉक्टर मॅडमच सापडल्या. लय गर्दी होती, मॅडमनं एक बाई झाली का प्रोब तसाच खोबनीत ठेवला आन दुसरीवर घेतला. रझिया सिस्टर मांगं उभी. "मॅडम, ठिपका तसाच हाये."

मॅडमचं तोंड लाल झालं. "सिस्टर, बाहेर चाळीस पेशंट आहेत."

"हाव मॅडम. चाळीस हायेत म्हनून तं म्हनते."

मॅडमनं प्रोब पुसला. दिवसभर तिच्याशी बोलल्या नाईत. मले मनातून बरं वाटलं, आता हिलेच काढतीन.

हिवाया आला. त्या साली थंडी बेकार होती. धारणीकडून एक कोरकू पोट्टी आली, सकायपासून जीपमध्ये बसून, अंगावर एक पातय साडी. जेल थंडंगार. पोटावर पडलं तशी ती दचकली, दोन्ही हात पोटावर, डोयात पानी. तिची बोली मले येत नाई, पन थंडीची बोली तं एकच हाये ना. मले माही पोरगी आठवली.

दुसऱ्या दिवशीपासून मी पडद्यामांगं एक तांब्या ठेवला, गरम पान्याचा, आन जेलची बाटली त्याच्यात उभी ठेवे. जेल कोमट होये. बाया म्हनाले लागल्या, मावशी, तुमच्या हाताले ऊब हाये. एक म्हातारी तं म्हने, तुह्या लेकराबायाचं भलं होवो. मले कोनी आशीर्वाद द्यावा असं काम मी जन्मात पयल्यांदा करत होती. पानी दिवसभर तेच. थंडं झालं का त्याच्यातच उकयतं टाकाचं. बाटली अर्धी झाली का मोठ्या कॅनमधून वरून भराची, धुवाची नाई, रिकामी होऊच द्याची नाई. आमच्या घरी तेलाची बरनीबी अशीच भरत होतो, बरनी रिकामी होनं चांगलं नाई म्हनून. सिस्टर याची चाहूल लागली का बाटली काढून, पुसून जागेवर. लपवत होती. म्हंजे मनाले कोठीतरी ठाऊक होतं, ती नाई म्हनन.

मोझरीकडची सविता म्हनून एक बाई होती. भाजी पिकवनारी, हाताले भेगा. तिच्या छातीत गाठ होती. मॅडमनं सोनोग्राफीत पाहून सुई घालून तपासाले पानी काहाडलं. जेल मीच लावलं, कोमट. ती म्हने, "बरं वाटलं मावशी, थंडीची भीती वाटत होती." गाठ साधी निघाली. पन आठ दिवसानं सविता वापस आली तापानं फनफनत, सुई टोचली तिथी सुजून लाल, अंदर पू. त्याच आठवड्यात सुई घातलेली आनखी एक बाई तशीच आली.

मॅडम म्हनल्या, "घरी काहीतरी लावलं असेल यांनी. राख, हळद."

सविताचा नवरा दारात उभा, टोपी हातात. "काई नाई लावलं मॅडम. पट्टीबी तुमचीच हाये, जशीच्या तशी."

रझिया सिस्टरनं त्याच्याकडे पाह्यलं, मंग मॅडमकडे, मंग माह्याकडे. मंग तीन दिवस, डबा खाले जाये तेवढं सोडलं तं, ती खोलीतून हालली नाई. सुईचे पुडे पाह्यले, स्पिरिट हुंगलं, कापूस बदलला, प्रोब स्वतः धुतला. सोमवारी आनखी एका बाईची सुई होती. तिचं नाव फयीवर लिवलेलं मी रोज पाहे. नाव वाचता येत नोयतं, पन त्याच्यापुढची तारीख येत होती. दोघीईलेबी तांब्यातलंच जेल लागलं होतं, घरी भाकर करताना हात थांबे. तांब्याचं सांगतलं तं काम जाते. पोरगी लेकरू घेऊन माह्या घरी, जावई दारू पेनारा, ती माह्याच जिवावर. नाई सांगतलं तं सोमवारची बाई.

मी तांब्या ठेवनं बंदबी करू शकली असती. पन बंद केला तं सिस्टर म्हनन, काल होता आज कोठी गेला. असं मले वाटे, म्हंजे तिनं पाह्यलाच हाये असं. संशय असा, एकदा घुसला का स्वतःच्याच सावलीले इचारते तू कोन म्हनून. शनिवारीबी ती डबा खाले गेली तवा बाटली तांब्यात ठेवली.

दुपारी तिनं साऱ्याईले बोलावलं. हातात जेलची बाटली, उलटी धरलेली.

"ह्या बाटलीच्या बुडाले मी सकायी सुरमा लावला होता," ती म्हने. "आता नाई. एरवी ठिपका राह्यला का चोर सापडते. आज ठिपका गेला. ही बाटली कोनी पान्यात ठेवली?"

मॅडम म्हनल्या, "पुसली असेल कोणी. सुभद्राबाई स्वच्छ ठेवतात बाटली."

"मंग पुसली का? सुभद्राबाई, पुसली?"

"हाव," मी म्हटलं.

ती थांबली. ते डोये. "खरंच पुसली?"

मले सविताच्या हाताच्या भेगा दिसल्या. "नाई सिस्टर. गरम पान्यात ठेवत होती. पंधरा दिवसापासून. बायाईले थंडं लागते म्हनून."

मी पडद्यामांगून तांब्या आनून टेबलावर ठेवला. सिस्टरनं त्याच्यात वाकून पाह्यलं. पान्यावर बारीक साय होती, बुडाले चिकट. मी रोज पाहे ते पानी, आन ती साय मले पयल्यांदा दिसली.

"जंतूले बी थंडी वाजते," ती हयू म्हने. "त्याईलेबी तुमी ऊब देल्ली."

बाटलीतलं आन कॅनमधलं जेल तपासाले गेलं. बाटलीत जंतू निघाले. मॅडम म्हनल्या, "सुभद्राबाईंना उद्यापासून नको." मी पिशवी उचलली. रडली नाई. रडून काय होते, टोपली तं घरी होतीच.

"मॅडम, हिले काहाडू नोका," रझिया सिस्टर म्हने.

मले वाटलं कान वाजून राह्यले.

"हिनं आपल्या तोंडानं सांगतलं. नवी बाई आनली तं ती काय काय लपवन, मले काईच मालूम नाई. हिचं मले मालूम हाये. हिच्यावर मी नजर ठेवीन. आन दुसरं. बाटली कॅनमधून वरच्यावर भरतात हे मलेबी दिसत होतं. मी प्रोबच्या मांगं लागली, बाटलीकडे पाह्यलं नाई. माह्यंबी नाव लिवा."

तिनंच लिवलं. रजिस्टरात चूक लिवली आन खाली दोन नावं, एक माहं, एक तिचं. माहं मले वाचता आलं. तिचं मी त्या दिवशी वाचाले शिकली.

कॅन गेला, तांब्या मी घरी नेला नाई, कचऱ्यात टाकला. त्याच्यानंतर बाटली संपली का फेकाची, भराची नाई. गरम कराची नाई. सुईच्या बाईले तं, त्या सोमवारच्या बाईपासूनच, जेलची लहान, बंद पुडी, तिच्यासमोर फोडाची, उरलं ते फेकाचं. आन थंडीचं? सिस्टर म्हने, "अगोदर सांगाचं, थंडं लागन बरं. पायावर चादर घालाची. हात धराचा. हाताची ऊब चालते, तांब्याची नाई."

सविताले चीर द्या लागली. एका आड एक दिवस ती पट्टीले येये, आन सिस्टर मुद्दाम मलेच ट्रे धराले उभी करे. एक दिवस सविता म्हने, "मावशी, तुमी कावून खाली पाह्यता? तुमी तं मले कोमट लावलं होतं." मी तिले सांगतलं, त्याच कोमटानं झालं म्हनून. तिनं लय वेय माह्याकडे पाह्यलं. पुढच्या खेपेले भाजीची जुडी आनली, सिस्टरले एक देल्ली, मले देल्ली नाई. बराबर होतं तिचं.

भाची कोनतीच नोयती. मी पुढं कवातरी इचारलं. सिस्टर म्हने, "भाची? मले एक भाऊ, त्याले तीन पोट्टे. कोन सांगतलं?" मी म्हटलं, "कोनी नाई." ती म्हने, "खरंच कोनी नाई?" आन पयल्यांदा हासली.

मंग ती रिटायर झाली, अकोल्याले भावाकडे गेली. मी बी काम सोडलं, गुडघे गेले. गेल्या साली तिच्या पुतण्याचा फोन आला, फुफी बीमार हाये, तुमालेच बोलावते. मी एसटीनं गेली. वायलेली होती, पोट तेवढं फुगलेलं, अंदर पानी भरलेलं. डोयात सुरमा मात्र होता, कोनीतरी घालून देल्ला असन, जरा वाकडा. सोनोग्राफीत पाहून सुई घालून पानी काहाडाचं होतं. पुतण्या याले तयार, तिनं त्याले बाहेर बसवलं. "त्याले काय समजते? सुभद्रा येईन."

'बाई' तिनं त्या दिवशी लावलं नाई.

खोलीतली पोट्टी नवी होती, तुरतुरी. मले म्हने, "आजी, तुम्ही बाहेर थांबा."

"राहू दे तिले," टेबलावरून रझिया सिस्टर म्हने, आवाज कागदावानी. "थे माह्यी डॉक्टर हाये."

तिले मान उचलता येत नोयती. छताकडे पाहत पडली होती. मशीन तिच्या डोक्यामांगं, तिले दिसत नोयतं. मी उभी राह्यली. पोट्टीनं अगोदरचं जेल पुसलं, दवाईच्या कागदानं टोक, दांडा, खाच, वायर पुसली, वायू देल्लं. खाचीत मी वाकून पाह्यलं. नवं कव्हर चढवलं. पुडी फोडली, नवी. पोट्टी माह्याकडे रागानं पाहत होती. मले तिचा राग ओयखीचा होता.

"थंडं लागन बरं," मी म्हटलं, आन तिचा हात धरला. हाडं आन कातडं.

"पाह्यलं?" तिनं इचारलं.

"पाह्यलं."

मी थांबली. दुसरं इचारन म्हनून थांबली. सारी जिनगानी तिनं साऱ्याईले दुसऱ्यांदा इचारलं. तिनं डोये मिटले. वाकडा सुरमा पापनीखाली गेला.

तिनं दुसऱ्यांदा इचारलं नाई.

मंग मीच तिच्या कानाजवय वाकली आन म्हटलं, "खरंच पाह्यलं, सिस्टर."